मामा लावल्याशिवाय सेव्ह होत नाही

"गुन्हेगार दोन प्रकारचे," मामा म्हणायचे. "एक, ज्यांना मी पकडलंय. दुसरे, ज्यांना माहीत आहे की मी पकडीन, म्हणून ते गुन्ह्याच्या वाटेलाच जात नाहीत."

पहिल्या प्रकारचा नमुना आजवर कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या प्रकारचे लोक मात्र जगात भरपूर होते आणि त्या सगळ्यांचं श्रेय मामा स्वतःकडे घ्यायचे. आपल्या गल्लीत वर्षभरात एकही दरोडा पडला नाही हे ते अशा सुरात सांगायचे, की दरोडेखोर रोज कोपऱ्यापर्यंत येतात आणि मामांच्या खिडकीत दिवा दिसला की माघारी फिरतात, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

पोटापाण्यासाठी मामा लिफ्ट बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. व्हिजिटिंग कार्डावर 'कार्यालय व्यवस्थापक' असं छापलेलं होतं आणि पुढे त्यांनी स्वतःच्या पेनाने 'व रहस्यभेद' एवढं वाढवलं होतं. कार्डावर फोटोही होता, खास स्टुडिओत जाऊन काढलेला. हनुवटी तळहातावर, डावी भुवई वर, उजव्या डोळ्यापुढे भिंग आणि त्या भिंगातून रोखून बघणारा, डाव्याच्या चौपट मोठा उजवा डोळा. खरं तर मामांना जवळचं दिसत नव्हतं. पण चष्मा म्हातारे लावतात असं त्यांचं मत होतं, म्हणून ते भिंग वापरत.

त्याच ऑफिसात त्यांची सख्खी भाची कागदपत्रांच्या टेबलावर बसायची. तिला तिथे चिकटवली मामांनीच. घरी ती त्यांना 'अरे मामा' म्हणायची, पण ऑफिसात 'तुम्ही' म्हणायचं, असा हुकूम होता. "नात्याचा सुगावा लागला की साक्षीदार फुटतात," असं त्याचं कारण होतं. नातं अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. इतकंच काय, भाचीचं ऐकून ऐकून सगळं ऑफिसच त्यांना मामा म्हणायला लागलं होतं.

भाची सहा महिने कच्ची होती आणि आज संध्याकाळी मालकीणबाई तिला पक्की करायची की नाही ते ठरवणार होत्या. पक्की झाली नाही, तर परत आत्याच्या शिवणाच्या दुकानात काजं करत बसायचं. यापूर्वी तीन वर्षं तिने तेच केलं होतं. आत्या तिचं प्रत्येक काज उजेडाकडे धरून बघायची आणि काही न बोलता एक उसासा सोडायची. बोलली असती तर बरं, असा तो उसासा होता. भाचीला तो अजून झोपेत ऐकू यायचा.

आणि नेमकी आजच सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं असं. एका तीन मजली इमारतीत कंपनीची नवी लिफ्ट बसून तयार होती. दुपारी चार वाजता सरकारी तपासनीस ऑफिसात येऊन कागद बघणार, मग इमारतीत जाऊन लिफ्टला परवानगी देणार. कागद म्हणजे मुख्यतः एकच, ब्रेकच्या चाचणीचं प्रमाणपत्र. प्रयोगशाळेतून ते आलं तेव्हा भाचीने स्वतःच्या हाताने स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये त्या लिफ्टच्या नोंदीला जोडलं होतं. आज सकाळी खात्री करावी म्हणून तिने ती फाइल उघडली, तर प्रमाणपत्राच्या जागी मामा. हनुवटी तळहातावर, भिंगातून डोळा थेट तिच्याकडे.

तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. मामा हलले नाहीत.

मूळ कागद शोधायचा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअर आल्यापासून टेबलावर कागद दिसता कामा नये, असा मालकीणबाईंचा दंडक होता. स्कॅन झाला की कागद फाडायच्या यंत्रात. ते यंत्र मामा चालवायचे आणि एकेक कागद आत सोडताना चेहरा इतका गंभीर ठेवायचे की नवीन माणसाने डोक्यावरची टोपी काढावी. प्रयोगशाळेला फोन केला, तर दुसरी प्रत मिळायला तीन आठवडे.

"तीन आठवडे?" मालकीणबाई म्हणाल्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत, त्यामुळे समोरच्याला जास्त भीती वाटायची. "लिफ्ट तीन आठवडे बंद ठेवू? तिसऱ्या मजल्यावर पाय मोडलेली बाई आहे, ती रोज मला फोन करते. हे बघ, कागद तुझ्या टेबलावरचा. चारपर्यंत सापडला तर ठीक. नाहीतर संध्याकाळी पक्कं करायचं वगैरे आपण बोलायला नको."

मागे दारात मामा उभे होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे प्रकरण माझ्याकडे द्या."



आता, त्या फोटोचं भाचीला नवल वाटलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकायला हवं. या सॉफ्टवेअरची एक खोड होती. ऑर्डर असो, बिल असो, रजेचा अर्ज असो, सोबत एखादी फाइल जोडल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण निळं व्हायचंच नाही. फिकट पडून राहायचं आणि वर लाल अक्षरं यायची, 'जोडपत्र जोडा'. आता डोकं दुखतंय म्हणून अर्धा दिवस रजा हवी, त्याला माणूस काय जोडणार, डोकं? प्रशिक्षणाच्या दिवशी नमुना म्हणून मामांचा फोटो वापरला होता. तो सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये अगदी वर राहून गेला. कुणीतरी एकदा तोच जोडला, बटण निळं झालं, आणि ऑफिसला मार्ग सापडला. तेव्हापासून काही अडलं की "मामा लाव आणि पुढे चल." मराठीत लोक लोकांना मामा बनवतात, या ऑफिसात लावायचे, एवढाच फरक.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कळू नये म्हणून सगळे जपायचे. भाची तर जास्तच. एकदा तिच्या आईपाशी बसलेले असताना मामा सहज म्हणाले होते, "इतकी वर्षं झाली गं ताई, पण ऑफिसात कुणी माझं कार्ड कधी मागून घेतलं नाही." ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

तेव्हा प्रश्न फोटो कुठून आला हा नव्हता. तिच्या नोंदीवर मामा लावला कुणी, हा होता.

तिने आधी अकाउंटंटबाईंना बाजूला घेतलं. "खरं सांगा, लिफ्टच्या नोंदीवर तुम्ही मामा लावलात?"

"शप्पथ नाही. मी फक्त माझ्या बिलांवर लावते. दुसऱ्याच्या नोंदीत मी कशाला नाक खुपसू?"

मग लिफ्ट बसवणारे मिस्त्री. ते म्हणाले, "पोरी, मला सॉफ्टवेअरमधलं एकच येतं, रजा टाकणं. त्याला मी लावतो. दर वेळी. पण दुसरीकडे नाही."

दोघंही खरं बोलत होते, हे तिला कळत होतं. मग राहिलं कोण? मालकीणबाई स्वतः काही टाइप करत नसत.

इकडे मामांचा तपास जोरात सुरू झाला होता. त्यांनी पहिल्यांदा खिडकी तपासली.

"खिडकी उघडी आहे," ते म्हणाले.

"पंखा बिघडलाय मामा," अकाउंटंटबाई म्हणाल्या.

"पंखा कुणी बिघडवला?"

या प्रश्नातूनच मामांचा पहिला सिद्धांत तयार झाला. प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाने आधी पंखा बिघडवला, म्हणजे खिडकी उघडी राहील. मग खिडकीतून आत येऊन प्रमाणपत्र पळवलं.

"पण प्रमाणपत्र सॉफ्टवेअरमध्ये होतं," भाची म्हणाली.

"म्हणून तर तो आत येऊन रिकाम्या हाताने गेला," मामा म्हणाले. "काही चोरीला गेलं नाही, हाच पुरावा."

दुसरा सिद्धांत अकाउंटंटबाईंवर शेकला. फोटोच्या खाली बारीक अक्षरात 'शेवटचा बदल: मंगळवार' असं होतं. कुणी केला, ते मात्र तिथे दिसत नव्हतं. मामांनी खुर्ची उलटी फिरवली, तिच्यावर बसायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा सरळ केली.

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"साक्षीदार?"

"तुम्ही. समोर बसून माझ्या डब्यातलं खात होतात."

मामांनी भिंगातून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "माझ्या साक्षीवर मी आंधळा विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले. पण त्यांनी बाईंना सोडून दिलं.

भाची घड्याळाकडे बघत होती, म्हणजे भिंतीवरच्या. सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक फाइलशेजारी एक इवलंसं घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं होतं. निदान मामांनी तसं जाहीर केलं होतं. प्रशिक्षण देणारा मुलगा त्या घड्याळाबद्दल सांगत होता तेव्हा मामा बाहेर फोनवर होते आणि बाकीच्यांचं लक्ष चहाकडे होतं. नंतर त्यांनी पाहिलं तर घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या कंपनीला तक्रार पाठवली. उत्तर आलं, 'ते घड्याळ नाही, कृपया दाबून पाहा.' मामांनी ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. "बघा, अनोळखी माणूस अनोळखी बटण दाबायला सांगतोय. लोक इथेच फसतात." तेव्हापासून त्या घड्याळाला हात लावायला ऑफिसात बंदी होती.

दुपार झाली आणि मामांनी करायला नको तेच केलं. इतर नोंदी उघडल्या.

पाण्याच्या फिल्टरचं बिल उघडलं, आत मामा. मिस्त्रींची रजा उघडली, आत मामा. गेल्या वर्षीची रजा, मामा. जिना झाडायच्या कुंच्याची खरेदी, मामा. ते एकेक फाइल उघडत गेले आणि प्रत्येक फाइलीतून तोच चौपट डोळा त्यांच्याकडे बघत राहिला. मामांचा चेहरा पांढरा पडला.

"सगळे बाहेर जा," ते हळूच म्हणाले. मग भाचीला म्हणाले, "तू थांब."

अकाउंटंटबाई आणि मिस्त्री एकमेकांकडे न बघता बाहेर गेले.

"हा कट आहे," मामा म्हणाले. "प्रमाणपत्राचा नाही, माझ्याविरुद्धचा. कुणीतरी वर्षानुवर्षं कागद काढून तिथे माझा चेहरा ठेवतंय. याचा अर्थ तुला कळतो? पुढचा नंबर माझा."

आता सांगून टाकावं, असं भाचीला वाटलं. हा सगळा ना शेंडा ना बुडखा असलेला तपास तिथेच संपला असता. "मामा, मला एक सांगायचंय."

"सांगू नकोस. मी ओळखलंय. तुला माझी काळजी वाटतेय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. भिंगाशिवाय त्यांचे डोळे साधे आणि जरा थकलेले दिसत होते. "माझं काय व्हायचं ते होवो गं. पण तुला इथे मी आणली. तुझ्या आईला म्हटलं होतं, पोरीला परत काजं करायला लावणार नाही. आज माझ्यामुळे, माझ्या शत्रूंमुळे तुझं नुकसान झालं, तर मी ताईला तोंड कसं दाखवू?"

भाचीला भरून आलं. 'मामा, तुम्हाला कुणी शत्रू नाहीत, तुम्ही आमचा फिकट बटण निळं करायचा उपाय आहात,' हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"चहा आणू?" तिने विचारलं.

"आण. पण आधी तू एक घोट घेऊन बघ," मामा म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "नाही, मीच घेतो."

चार वाजायच्या बेताला मामांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती गोळा केलं. मालकीणबाई आल्या, त्या केवळ तपासनीस कुठल्याही क्षणी येईल म्हणून. भाचीने लिफ्टची नोंद पडद्यावर उघडून ठेवली होती. मामा येरझाऱ्या घालत होते.

"गुन्हेगार या खोलीत आहे," मामा म्हणाले.

दार उघडलं आणि एक उंच, वाकलेला, दमलेला माणूस कातडी बॅग घेऊन आत आला.

"किंवा," मामा म्हणाले, "आत्ताच आत आला आहे. बसा!"

माणूस बसला. त्याला बसायचंच होतं.

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो," मामा त्याच्याभोवती फिरू लागले. "तुम्हाला या प्रमाणपत्रात रस आहे ना?"

"हो," माणूस म्हणाला.

"बघा! कबूल केलं."

"मामा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आणखी हळू झाला होता. "ते तपासनीस आहेत."

भाचीने डोळे मिटले. तिला आत्याचं दुकान दिसलं, कोपऱ्यातलं तिचं स्टूलसुद्धा.

मामा मात्र आता थांबणाऱ्यातले नव्हते. "तपासनीस! उत्तम वेष आहे. मंगळवारी कुठे होतात?"

"रजेवर," तपासनीस म्हणाला. त्याला राग आल्याचं दिसत नव्हतं. दिवसभर लोकांच्या लिफ्टमध्ये उभा राहिलेला माणूस होता तो, सहसा बिचकायचा नाही.

"पुरावा?"

"रजेचा अर्ज आहे ना. सॉफ्टवेअरमध्ये. त्याला कुत्र्याचा फोटो जोडलाय."

मिस्त्री छताकडे बघू लागले.

"कुत्र्याचा?" मामांनी विचारलं.

"आमच्याकडेही हेच सॉफ्टवेअर आहे." त्याने पडद्याकडे मान वळवली आणि मामांचा फोटो बघून ओळखीचं काही भेटल्यासारखं हसला. "काहीतरी जोडल्याशिवाय सेव्ह होत नाही. मग आम्ही सगळे साहेबांचा कुत्रा लावतो. तुमच्याकडे तुम्ही आहात वाटतं."

मामांनी अकाउंटंटबाईंकडे पाहिलं. त्या बांगड्या चाचपत होत्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मग भाचीकडे. ती खाली बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते आणि ते मामांना भिंगाशिवाय दिसले.

"फिल्टरच्या बिलावर?" मामांनी विचारलं.

"मी," अकाउंटंटबाई पुटपुटल्या.

"कुंचा?"

"तोही मीच."

"सगळ्या रजा माझ्या," मिस्त्री म्हणाले. "मामा, मनात काही नव्हतं हो."

"प्रमाणपत्रावर तुमचा फोटो आलाय का?" तपासनीसाने विचारलं. "मग काळजी कसली? नवी फाइल लावली की जुनी मागे जाते, पुसली जात नाही. ते घड्याळ दाबा."

"ते बंद पडलंय," भाची आपसूक म्हणाली.

तपासनीसाने हात लांब केला आणि घड्याळ दाबलं.

पडद्यावर दोन ओळी उघडल्या. खालच्या ओळीत प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र, शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे. जोडणारी, भाची. वरच्या ओळीत फोटो. जोडण्याचा वार, मंगळवार. जोडणारा, मामा.

मामांनी खिशातून भिंग काढलं, पडद्याजवळ गेले आणि ती ओळ वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली.

"मी सुरुवातीपासून म्हणत होतो," ते म्हणाले, "की गुन्हेगार या खोलीत आहे."

"पण तुम्ही लावला कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी फक्त लिफ्टच्या दाराचा रंग बदलला. 'करडा' होतं, ते 'राखाडी' केलं."

"फरक काय?"

"ऐकायला बरं वाटतं. तर ते सेव्ह होईना. लाल अक्षरात काहीतरी मागायला लागलं. मला वाटलं, बदल कोण करतंय त्याची ओळख पटवायला फोटो हवाय. सुरक्षेच्या दृष्टीने मला ते योग्यच वाटलं. म्हणून मी फोटो दाखवला." ते जरा थांबले. "दाखवला होता. ठेवायला दिला नव्हता."

तपासनीसाने प्रमाणपत्र वाचलं, तारीख पाहिली, "ठीक आहे, लिफ्ट बघून घेऊ," एवढं म्हणून तो मिस्त्रींबरोबर इमारतीकडे निघाला. दारात थांबून मामांना म्हणाला, "फोटो छान आलाय. आमचा कुत्रा हललेला आहे."

बाकीचे उठू लागले. मामा उठले नाहीत. ते एकदम लहान दिसायला लागले होते. भाचीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "गुन्हेगार सापडला की प्रकरण मिटतं. पोरीने कागद जागेवरच ठेवला होता. हलवला मी. घड्याळ दाबू नका असंही मीच सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला, तिचं नाव यातून काढा." मग भाचीकडे न बघता म्हणाले, "कार्ड कुणी मागितलं नाही कधी, आणि फोटो मात्र कुंच्यावर. वा रे वा."

भाचीच्याने राहवलं नाही. "अरे मामा," ती म्हणाली, ऑफिसात, सगळ्यांसमोर, "तू नसलास तर इथे एक काम पुढे सरकत नाही. कुणाची रजा मंजूर होत नाही, कुणाचं बिल निघत नाही. मी आल्यापासून बघतेय, सगळं तुझ्यावर चाललंय."

मामांनी यावर विचार केला. डावी भुवई हळूहळू वर जायला लागली.

"म्हणजे माझ्याशिवाय इथलं पानही हलत नाही," ते म्हणाले.

"खरंच नाही," अकाउंटंटबाई मनापासून म्हणाल्या.

"मला संशय होताच," मामा म्हणाले आणि उठून पंख्याकडे गेले. त्याचं प्रकरण अजून बाकी होतं.

संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. लिफ्ट पास झाली होती. पाय मोडलेली बाई पहिल्याच फेरीत खाली उतरली होती आणि परत वर जायला तयार नव्हती. मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि भाचीला आत बोलावलं.

"तुझी नोंद उघड," त्या म्हणाल्या. "'कच्ची' आहे ना, तिथे 'पक्की' कर. माझ्यासमोर कर. उद्या पुन्हा काही गोंधळ नको."

भाचीने नोंद उघडली. तिने 'पक्की' निवडलं आणि सेव्हकडे गेली. बटण फिकट होतं. वर लाल अक्षरं आली, 'जोडपत्र जोडा'.

मालकीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुझं शाळेचं प्रमाणपत्र वगैरे काही असेल ना?"

होतं. तिच्या फोल्डरमध्येच होतं. बाहेर मामा खुर्चीवर चढून पंखा भिंगातून तपासत होते आणि अकाउंटंटबाई खुर्ची धरून उभ्या होत्या.

भाचीने सामायिक फोल्डर उघडलं आणि सगळ्यात वरची फाइल निवडली.

बटण निळं झालं.